रिव्हर्स टाकला की डोळे दिपतात

बोरिवलीतल्या जुन्या सोसायट्यांचं स्टिल्ट पार्किंग म्हणजे नुसते खांबच खांब. एका ट्यूबलाइटच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाड्या, मधेच कुणाची स्कूटर, भिंतीला टेकवलेली सायकल, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. अशा जागी रात्री गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचा आधार वाटायला हवा. आमच्या गाडीत उलटंच झालं. गाडी जुनी, त्यात बाहेरून बसवून घेतलेला मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ आणि नंबरप्लेटच्या वर लावलेला कॅमेरा. दिवसा चित्र झकास. रात्री मात्र रिव्हर्स टाकला की डॅशबोर्डवर दुधाळ पांढरा उजेड भसकन यायचा, आणि नजर उचलून आरशात पाहावं तर आरसा काळाकुट्ट. एकदा पावसात वॉचमन नेहमीप्रमाणे ‘आने दो, आने दो’ करत होता आणि अचानक त्याने डिकीवर जोरात थाप मारली. बंपर आणि खांब यांच्यात चार बोटं जागा उरली होती. तो खांब कॅमेऱ्याच्या टापूतच नव्हता. तो डाव्या आरशात दिसायला हवा होता.

म्हणून हा विषय ‘डोळ्यांना जरा त्रास होतो’ एवढ्यावर सोडू नये. अंधाराला सरावलेली नजर उजेडाने क्षणात मोडते आणि परत बसायला वेळ घेते. मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी पूर्ण सरावायला जवळपास अर्धा तास लागतो, आणि आपलं पार्किंग दोन मिनिटांत उरकलेलं असतं. पन्नाशीनंतर हा वेळ आणखी वाढतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर स्क्रीन जास्तच फटफटीत वाटते. तेव्हा घरातल्या एकालाच त्रास होत असेल, तर मेकॅनिकच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं.

चित्र इतकं पांढरं का होतं, हे कळलं की उपायही सुचतो. उजेड कमी पडला की कॅमेरा स्वतःच चित्र ताणून उजळ करतो. त्यात रिव्हर्सचा दिवा मागच्या भिंतीवर किंवा ओल्या फरशीवर पडून सरळ लेन्समध्ये येतो. काही स्वस्त कॅमेऱ्यांत लेन्सभोवती छोटे पांढरे एलईडी असतात, तेही भर घालतात. लेन्सवर चिखलाचा थर असेल तर प्रत्येक दिव्याभोवती धुकट वलय. आधी ओल्या फडक्याने लेन्स पुसून पाहा. फुकटचा उपाय आहे, आणि पावसाळ्यात तो वारंवार करावा लागतो.

दुकानात गेलो तर सल्ला मिळाला, ‘स्क्रीनवर काळी फिल्म मारून देतो.’ हा सल्ला घेऊ नका. रात्रीचा प्रश्न सुटेल, पण दुपारच्या उन्हात स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसणार नाही. मॅट स्क्रीनगार्डने प्रतिबिंब कमी होतं, उजेड नाही.

खरी गोष्ट निघाली घाटकोपरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. त्याने स्टिरिओ बाहेर ओढला आणि मागच्या जुडग्यातून नारिंगी वायर काढून दाखवली. टोकाला टेप गुंडाळलेली, कुठेच न जोडलेली. गाडीचे पार्किंग लाइट लागले की या वायरीत बारा व्होल्ट यायला हवेत. त्यावरून स्टिरिओला कळतं की रात्र झाली, आणि तो स्क्रीन मंद करतो. घाईच्या फिटिंगमध्ये हीच वायर राहून जाते, कारण तिच्यावाचून गाणी वाजतात, कॅमेराही चालतो, आणि गिऱ्हाईक गाडी दिवसा घेऊन जातं.

तुमच्याकडे ती जोडली आहे का, हे घरी तपासता येतं. अंधारात स्टिरिओ चालू ठेवून फक्त पार्किंग लाइट लावा. स्क्रीन किंचितही मंदावली नाही, तर बहुधा वायर लोंबकळते आहे किंवा सेटिंगमध्ये दिवस-रात्रीचा पर्याय ‘दिवस’वर अडकला आहे. जोडणी मात्र जाणकाराकडूनच करून घ्या. स्टिरिओकडच्या वायरीचा रंग बहुतेक वेळा नारिंगी असतो, पण गाडीकडच्या रंगांचा भरवसा नाही, तिथे मीटर लावूनच पाहावं लागतं. डॅशबोर्डवरच्या मीटरच्या दिव्यांच्या लाइनवर जोडली आणि ती लाइन डिमरने कमी-जास्त होणारी असली, तर स्टिरिओ गोंधळतो. थेट बॅटरीवर जोडली तर स्क्रीन दिवसाही मंदच राहते. नवी गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू देऊ नका, कपलर मागा.

कंपनीची स्क्रीन असलेल्यांचा प्रश्न वेगळा आणि बहुधा सोपा. मुलुंडच्या आमच्या मामांची स्क्रीन अशीच डोळ्यांत घुसायची. स्टिअरिंगच्या बाजूचं डिमरचं चाक कुणीतरी टोकापर्यंत वर फिरवलं होतं. बऱ्याच गाड्यांत ते पूर्ण वर असलं की हेडलाइट लावूनही स्क्रीन दिवसाच्याच उजेडावर राहते. एक-दोन खटके खाली आणलं, काम झालं.

आता सेटिंगबद्दल, कारण इथे बहुतेकांची गफलत होते. मेन्यूत ब्राइटनेस दोन ठिकाणी असू शकतो. एक स्क्रीनमागच्या दिव्याचा, दुसरा चित्राचा. चित्राचा ब्राइटनेस खाली ओढला की पांढरं कमी होतं खरं, पण त्याबरोबर काळोखातलं सगळंच बुडतं: काळं पिंप, गाडीखाली बसलेलं मांजर, डांबरावरचा दगड. म्हणून आधी दिव्याचा उजेड उतरवा, मग गरज पडली तरच चित्राला हात लावा. शिवाय कित्येक सेटमध्ये कॅमेऱ्याच्या चित्राचं सेटिंग वेगळं साठवलं जातं. गाण्यांच्या स्क्रीनवर कितीही खालीवर करा, कॅमेऱ्यावर काही फरक पडत नाही. त्यासाठी इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला, गिअर रिव्हर्समध्ये, आणि चित्र समोर असताना मेन्यू उघडायचा. मागे माणूस उभा करू नका, बादली ठेवा. बादलीची कड दिसते आहे आणि नजर वळवल्यावर आरशातला खांबही दिसतो आहे, तिथे थांबा.

1 जुलै 2019 पासून आपल्याकडे नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत. अमेरिकेत मे 2018 पासून नव्या गाड्यांना कॅमेराच सक्तीचा आहे. माझ्या मते रात्रीच्या गल्लीबोळात सेन्सरची टीं-टीं जास्त कामाची, कारण ती कानाने ऐकता येते आणि डोळे आरशासाठी मोकळे राहतात. मात्र बारीक लोखंडी पाइप आणि बुटकी कड सेन्सरच्या तावडीतून निसटते, तिथे वॉचमनची हाकच खरी.

एक शेवटचं. सर्व्हिसिंगला किंवा बॅटरी बदलताना बॅटरीची वायर काढली जाते, आणि स्वस्त सेट त्या वेळी सगळी सेटिंग्ज विसरून परत पूर्ण उजेडावर येतात. गाडी दुपारी ताब्यात मिळते, त्यामुळे लक्षात येत नाही. सेटिंगच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि गाडी आली त्याच संध्याकाळी, अंधार पडल्यावर, एकदा रिव्हर्स टाकून बघा.