कोट कुणाचा, पदकं कुणाची

जुन्या ट्रंकेत लष्करी कोट सापडला की लोक आधी तो उन्हात टाकतात, मग धुवायला देतात आणि त्यानंतर मला फोन करतात. हा क्रम उलटा हवा.

मूळच्या साताऱ्याकडच्या एका स्नेह्यांच्या घरी असंच झालं. जाड लोकरी खाकी कोट, छातीवर दोन पदकं टाचलेली. घरात सांगत आलेली गोष्ट अशी की पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते, कूटच्या वेढ्यात सापडले आणि हाच कोट घालून परत आले. कोटाची चौकट करून दिवाणखान्यात लावायची म्हणून तो शहरातल्या एका लाँड्रीत गेला. आतल्या पट्टीवर शाईनं काहीतरी लिहिलेलं होतं. लाँड्रीवाल्यानं तो डाग समजून काढून टाकला आणि डाग काढायचे पैसे वेगळे लावले. काय लिहिलं होतं, ते घरातल्या कुणीच टिपून ठेवलं नव्हतं. म्हणून कोट हाती आला की आधी फोटो काढा. आतून, बाहेरून, खिशांच्या आत, कॉलरखाली. शाई पुसट असेल तर दिवा बाजूनं तिरका धरून काढा. पितळ घासू नका, डांबरगोळ्या कापडाला थेट लावू नका, आणि खुंटीला न टांगता सुती कापडात आडवा ठेवा.

माझी खरी पंचाईत निराळीच होती. कोट कमरेपर्यंतच, आखूड. हा ब्रिटिश बॅटलड्रेस. तो दुसऱ्या महायुद्धाच्या जरासा आधी आला. कूटचा वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला. खिशातलं लेबल अर्धवट झिजलेलं होतं, पण त्यावर १९४३ स्पष्ट दिसत होतं. म्हणजे कोट पणजोबांच्या लढाईनंतर पाव शतकानं शिवलेला. घरच्यांचे चेहरे उतरले. गोष्ट खोटी ठरली असं त्यांना वाटलं. पण गोष्ट खोटी नव्हती, ती दोन माणसांची होती आणि एकाच कोटावर टाचली गेली होती.

पदकं आणि कोट हे दोन वेगवेगळे साक्षीदार आहेत, त्यांची जबानी वेगवेगळी घ्यावी. पदक टाचायला एक पिन पुरते. बटणांचंही तेच. बटणावर ब्रिटिश मुकुट असेल तर ते साधारण १९५० च्या आधीचं, कारण प्रजासत्ताकानंतर आपल्या सैन्यात मुकुटाच्या जागी सिंहमुद्रा आली. पण बटण नंतर लावलेलं असू शकतं. म्हणून बटण उलटं करून दोरा बघावा. पाच बटणं एका दोऱ्यानं आणि सहावं चकचकीत नायलॉननं शिवलेलं असेल, तर त्या सहाव्याचं ऐकू नये. या कोटाच्या बाहीवर चौकोनी तुकडा गडद राहिला होता, भोवती सुईची भोकं. तिथे एखाद्या डिव्हिजनची खूण होती एवढंच त्यावरून कळतं. घरातल्या एका उत्साही तरुणानं ती लगेच चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड ठरवून टाकली. चौकोन दिसतोय, गरुड नाही, असं मी म्हटलं.

शाईच्या आकड्याला भुलणारेही पुष्कळ. आपल्याकडे कपड्यावर धोबीही खूण करतो, आणि पूर्वी ती बिब्ब्याच्या रसानं करायचे, सहजी न जाणारी. दोन आडव्या रेघा, एक टिंब, एखादा आकडा. हा लष्करी नंबर समजून लोक महिनोन्‌महिने शोधत बसतात. शिवाय युद्ध संपल्यावर डिस्पोजलचे, म्हणजे लष्करानं विकायला काढलेले, कपडे बाजारात ढिगानं आले. मिलिटरीचा कोट अंगावर असणारा प्रत्येक जण मिलिटरीत होता असं नाही. थंडीत शेताला पाणी द्यायला जाणाऱ्याला तो फार सोयीचा.

हे मी बोलत होतो तेव्हा स्नेह्यांच्या आत्या दारात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यो कोट व्हय? ह्यो तर नाना रातच्याला मोटंवर घालून जायचं. बाजारातनं आणला का पलटणीतनं, त्ये मला काय ठावं?" नाना म्हणजे पणजोबांचे पुतणे. त्यांचं पेन्शनबुक देव्हाऱ्याखालच्या डब्यात निघालं. तेही मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात. घरातल्या बायकांना सगळ्यात शेवटी विचारायची आपली रीत आहे. मी आता त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

पदकांचं काम सोपं झालं, कारण पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर माणसाचं नाव असतं. १९१४-१५ च्या ताऱ्यावर ते मागच्या बाजूला, विजय पदकावर कडेला. यांच्यासोबत मिळणारं तिसरं, चांदीचं पदक सापडलं नाही. चांदी असल्यामुळे ती बरीच सोनाराच्या मुशीत गेली. ताऱ्यामागे नंबर, हुद्दा, पणजोबांचं नाव आणि ११० मराठा असं इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं. ही पलटण कूटमध्ये होती, १०३ आणि ११७ याही होत्या. १९२२ मध्ये मराठ्यांच्या सहा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. त्या आधी नंबर पलटणीगणिक वेगळे असत. त्यामुळे पलटणीशिवाय नुसता नंबर धरून शोधलंत तर भलत्याच माणसाच्या दारात पोचाल.

मग पणजोबा वेढ्यात होते का? पलटण होती, माणूस असेलच असं नाही. जखमी होऊन आधीच परत पाठवलेले, मागे डेपोत राहिलेले असे पुष्कळ होते. घोड्याचं मांस खायची वेळ आली ही हकीकत या घरातही सांगतात. ती खरी आहे, वेढ्यात तसं घडलं होतं, पण ती पुस्तकांतही आहे आणि गावोगावच्या चावडीवरही होती.

मेलेल्यांचा शोध जिवंत परतलेल्यांपेक्षा सोपा, हे या कामातलं कडू सत्य. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत मृतांचा नंबर, पलटण आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा घातला. यादी बघताना इंग्रजी स्पेलिंगचे सगळे अवतार घालून बघा. पवार, पोवार, पुवार. आडनाव गाळून नुसतं रामा किंवा गणू घालूनही बघा. आणि जिल्हा त्या काळचा धरा. आजच्या सांगलीतला वाळवा किंवा तासगाव तेव्हा साताऱ्यात होता, आणि सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला.

जो परत आला त्याच्यासाठी बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलं तर पत्र कसं लिहायचं ते सांगतात. "आमचे आजोबा फौजेत होते, माहिती मिळावी" अशा पत्रावर कुणी काय शोधणार? नंबर, हुद्दा, पलटण, बापाचं नाव, जुन्या तालुक्यासकट गाव आणि डिस्चार्ज किंवा पेन्शनच्या कागदाची प्रत जोडा. ओळखीचा वशिला लावण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

स्नेह्यांनी पत्र नानांच्या पेन्शनबुकावरून पाठवलंय. दरम्यान मुंबईहून एक गिऱ्हाईक आलं होतं, कोट आणि पदकं मिळून "कूटचा सेट" म्हणून मागत होतं आणि भावही बरा देत होतं. मी स्नेह्यांना दोन गोष्टी सांगितल्या. शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते आणि मग खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा माल कुठे जाणार ते विचारा. आणि विकायचंच असेल तर पावतीवर कोटाचं साल १९४३ घाला. साल ऐकल्यावर त्या गृहस्थांचा फोन पुन्हा आला नाही.