पुडीत काय आहे, ते आधी विचारा

आधीच सांगते, कुत्र्याला खाऊ देऊन शिकवण्याच्या मी विरोधात नाही. साखळीला हिसके देऊन आणि वर्तमानपत्राची सुरळी उगारून शिकवणाऱ्यांपेक्षा ही पद्धत शंभर पटीने बरी. माझा राग आहे तो खाऊच्या नावाखाली काहीही खपवणाऱ्यांवर.

आमच्या बंड्याला शिकवायला येणारे ट्रेनर कमरेच्या पिशवीतून तपकिरी तुकडे काढत. पिशवीची चेन वाजली की पठ्ठ्या बसायचा, आडवा व्हायचा, पंजा द्यायचा. सोसायटीतले लोक टाळ्या वाजवत. मी रिकाम्या हाताने "बस" म्हटलं, की माझ्या हाताकडे एकदा बघून चालू पडायचा. हे त्यांना दाखवलं तर म्हणाले, "ताई, तुमचा आवाज फार मऊ आहे." आणि त्याच तुकड्यांच्या पुड्या मला विकू लागले. पुडीवर ना नाव, ना तारीख, ना घटक. यात काय आहे, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, नंतरही विचारत राहिले. उत्तर ठरलेलं: "आपला स्पेशल फॉर्म्युला आहे."

मग एका रात्री उलट्या सुरू झाल्या. बंड्या पुढचे पाय जमिनीला टेकवायचा, मागचा भाग वर धरायचा आणि तसाच थांबायचा. पोटाला हात लावू देईना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. स्वादुपिंडाला सूज. "काय काय खातो हा?" म्हणून विचारलं, तेव्हा मी पर्समधली पुडी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी एक तुकडा कागदी रुमालावर ठेवून अंगठ्याने दाबला. तेलाचा डाग पसरत पसरत रुमालाच्या कडेपर्यंत गेला. "तळलेली कातडी दिसतेय," ते म्हणाले, "असं चरबीचं खाणं या आजाराला आमंत्रणच असतं." तर हा तो फॉर्म्युला! बंड्या सलाइनवर आणि मी त्या डागाकडे बघत बसलेली.

फोन केला तर गृहस्थ काय म्हणाले? "तुमच्याच घरातलं काहीतरी खाल्लं असेल. माझ्याकडे एवढी कुत्री आहेत, कुणाला काही झालं नाही." रिपोर्टचा फोटो पाठवला, तो बघितला आणि गप्प. राहिलेल्या शिकवणीचे पैसे बुडालेच. वर शेजारच्या इमारतीत सांगून आले, की त्या बाई कुत्र्याचे फार लाड करतात. तिथे त्यांचं काम अजून सुरू आहे. म्हणूनच हे लिहिते आहे.

नाव आणि घटक नसलेली पुडी घरात घेऊ नका. छापील पाकिटावरही चरबीचं प्रमाण वाचा. 2007 पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे मांसाच्या सुकवलेल्या पट्ट्या खाऊन कुत्री आजारी पडल्याच्या हजारो तक्रारी गेल्या. म्हणजे चकचकीत पाकीट म्हणजे हमी नव्हे.

तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढाच हवा. कुत्रा तुकडे मोजतो, वजन नाही. दिवसभराच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ देऊ नका, आणि जेवढा दिला तेवढं जेवण कमी. "उपाशी ठेवा, लवकर शिकेल" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. जेवणातलेच दाणे बाजूला काढून घरातल्या सरावाला वापरा. लॅब्राडॉर असेल तर त्याच्या भुकेवर विसंबूच नका. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की सुमारे चौथाई लॅब्राडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल असतो. असा कुत्रा कायम मागणारच.

घरात जेवणातले साधे दाणे, गाजर, काकडी चालते. रस्त्यावर, जिथे मांजर आणि स्कूटर दोन्ही असतात, तिथे बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन. ग्लुकोज बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखर. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण, शिजवलेली हाडं अजिबात नाही. पीनट बटर घेताना झायलिटॉल नाही ना, हे बघा. ते कुत्र्याला विष आहे.

आता शिकवण्याचं. खाऊ दाखवून काम करून घेणं ही लाच, काम झाल्यावर देणं हा मोबदला. सुरुवातीला दोन-चारदा तुकड्याने दिशा दाखवा, मग तीच खूण रिकाम्या हाताने करा आणि खाऊ दुसऱ्या हातातून किंवा डब्यातून द्या. तो बसला त्या क्षणी "शाब्बास" म्हणा, लगेच तुकडा द्या. उशीर झाला तर तो उठण्याचं बक्षीस समजतो. सवय पक्की झाली, की कधी द्या, कधी नुसतं थोपटा. ही एवढी साधी गोष्ट त्या गृहस्थांनी कधी सांगितली नाही. सांगितली असती तर पुड्या कोण घेणार?

संयम ठेवा, रोज थोडा वेळ द्या, शंका आली तर डॉक्टरांना विचारा. हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

बंड्या आता रिकाम्या हाताला बसतो, आणि तेही माझ्या मऊ आवाजात. तुमच्या दारी येणारा ट्रेनर कितीही नावाजलेला असो, पुडीतले घटक लिहून द्यायला तयार नसेल तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.