लहान संस्थेचा सर्व्हर कसा निवडावा?

यंत्र विकत घेणें हें पैशाचें काम आहे. यंत्र निवडणें हें विचाराचें काम आहे. आमच्या राधानगरी तालुक्यांत गांवोगांवीं दूध संस्था, सेवा संस्था, पतसंस्था व लहानमोठीं दुकानें आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांचा हिशेब वहींतून निघून संगणकावर गेला आहे. एका संगणकाचे दोन होतात, दोनांचे पांच होतात, आणि मग ते एकमेकांस जोडून त्यांचें जाळें करावें लागतें. अशा वेळीं सभेंत कोणीतरी म्हणतो, “आतां एक सर्व्हर घेतला पाहिजे.” कोणता घ्यावा हें मात्र ठाऊक नसतें, म्हणून घरांतील शाळकरी मुलास अथवा मुलीस विचारण्यांत येतें, कारण संगणकाची माहिती त्यांसच अधिक, असा वडील मंडळींचा समज असतो. विद्यार्थी व पालक या उभयतांनीं या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करावा, एवढ्याच हेतूनें आम्ही हा पाठ लिहीत आहों.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे सेवा करणारा. जाळ्यांतील इतर संगणक मागतील ती माहिती शोधून देणारा, व ते देतील ती जपून ठेवणारा जो संगणक, तो सर्व्हर होय. गांवाचें दप्तर एका ठिकाणीं असतें व ज्यास उतारा पाहिजे तो तेथें जातो. तद्वत् संस्थेचे सर्व कारकून एकाच सर्व्हरकडून नोंदी घेतात. त्यामुळें एकाच सभासदाचें खातें दोन ठिकाणीं दोन प्रकारें लिहिलें जात नाहीं.

अंगानें तो टेबलावरील संगणकासारखाच असतो. परंतु रात्रंदिवस अखंड चालावा अशा बेतानें तो बनविलेला असतो. चांगल्या सर्व्हरची स्मृति आपली चूक आपणच दुरुस्त करणारी असते. हिचें महत्त्व एका उदाहरणानें ध्यानांत येईल. संगणक सर्व संख्या ० व १ या दोनच अंकांनीं लिहितो. त्या रीतीनें ४ म्हणजे १००, आणि ६ म्हणजे ११०. मधला एक अंक सूक्ष्म विद्युत् गडबडीनें पालटला, तर चाराचे सहा होतात! दुधाच्या मापांत असें झाल्यास कोणाचें तरी नुकसान ठरलेलें. म्हणून वेग किती हें विचारण्यापूर्वीं अशी स्मृति आहे कीं नाहीं, हें विचारावें.

वाढीची सोय

कांहीं सर्व्हर एकसंध असतात. कांहींचे भाग सुटे असून गरजेप्रमाणें एकाच सांगाड्यांत बसवितां येतात. या दुसऱ्या जातीस मॉड्युलर सर्व्हर म्हणतात. आज दोन भाग बसवावे, व्यवहार वाढल्यावर तिसरा, पुढें चौथा. सांगाडा, वीज व पंखे मात्र सर्वांचे समाईक.

आज थोडें करून उद्यां वाढवावें, या कल्पनेचा नमुना आमच्या दाराशींच आहे. राजर्षि शाहू महाराजांनीं भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचें काम १९०७ सालीं हातीं घेतलें. तें एका दमांत पुरें झालें नाहीं. पैशाच्या अडचणीनें मध्येंच थांबलें, आणि त्याचा शेवट महाराजांच्या पश्चात् झाला. अर्धवट भिंतीवर पुढें उंची चढवितां आली, याचें कारण ती उंची पेलील असा पाया आधींपासून होता. मॉड्युलर सर्व्हरचा सांगाडा हा तसाच पाया होय. परंतु येथें एक भेद विसरतां कामा नये. धरणास लागणारा दगड कोणत्याही खाणीचा चालतो. सर्व्हरच्या सांगाड्यांत मात्र त्याच कारखान्याचा, त्याच मापाचा भाग लागतो. तो भाग निघण्याचा बंद झाला, कीं रिकामी जागा कायमची रिकामी राहते.

ही भीति पोकळ नाहीं. इंटेल कंपनीनें २००८ सालीं लहान व मध्यम धंद्यांसाठीं असें एक यंत्र काढलें. एका सांगाड्यांत सहा सर्व्हर व चौदा तबकड्या मावत असत. कल्पना सुरेख होती. पण तें यंत्र पुढें बंद झालें. डेल कंपनीनें २०१३ सालीं व्हीआरटीएक्स नांवाचें यंत्र काढलें. त्यांत चार सर्व्हर व त्यांचें समाईक कोठार एकत्र असे, आणि साध्या कचेरींत टेबलाशेजारीं तें ठेवतां येई. ज्यांनीं अशीं यंत्रें पुढील वाढीच्या आशेवर घेतलीं, त्यांस नवीन भाग किती काळ मिळणार, हा प्रश्न सोडवावाच लागला. म्हणून विक्रेत्यास स्पष्ट विचारावें: “हा भाग आणखी पांच वर्षांनीं मिळेल काय, आणि तसें लेखी द्याल काय?”

समाईक सांगाड्याचा दुसराही एक दोष आहे. चार सर्व्हर एका सांगाड्यांत असले, आणि सांगाड्याची मुख्य जोडपाटीच बिघडली, तर चारही एकदम बंद पडतात. चार भाऊ एकाच होडींतून पैलतीरास निघाले, तर होडीचें एकच छिद्र सर्वांस पुरतें.

याशिवाय, एका यंत्रांत अनेक यंत्रें नांदविण्याची युक्ति आतां सर्वत्र रूढ झाली आहे. एकाच सर्व्हरवर हिशेबाचें एक, कागदपत्रांचें दुसरें, अशीं आभासी यंत्रें वेगवेगळीं चालवितां येतात. ज्या कामास पूर्वीं तीन सर्व्हर लागत, तें आज पुष्कळदां एकावर होतें. अर्थात् लहान संस्थेस अनेक सर्व्हरांच्या सांगाड्याची गरज पूर्वींइतकी उरलेली नाहीं.

आधीं काम मोजा

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. आपलें काम किती, हें मोजल्याविना यंत्राचा आकार ठरवितां येत नाहीं. आपण एक दूध संस्था कल्पूं. तीनशें सभासद, सकाळ व सायंकाळ मिळून दिवसाच्या ६०० नोंदी. एका नोंदींत सभासदाचा क्रमांक, तारीख, लिटर, फॅट व दर इतकें येतें. त्यास सढळ हातानें २०० अक्षरांची जागा देऊं. ६०० × २०० म्हणजे दिवसास १,२०,००० अक्षरें. आणि ३६५ दिवसांचीं ४,३८,००,००० अक्षरें, म्हणजे सुमारें ४४ मेगाबाइट. मोबाईलवर काढलेल्या दहापंधरा छायाचित्रांस जितकी जागा लागते, तितक्यांत तीनशें घरांचा वर्षाचा दूधहिशेब मावतो!

या गणितावरून काय सिद्ध झालें? संस्थेची अडचण जागेची नाहीं, वेगाचीही नाहीं. तिची अडचण एकच: या ४४ मेगाबाइटांपैकीं कांहीं हरवतां कामा नये. दहा दिवसांच्या बिलावर ज्या घरची मुलाची फी, दुकानाची उधारी व जनावराची पेंड अवलंबून आहे, त्या घरास सर्व्हर किती वेगवान् याच्याशीं कर्तव्य नाहीं. आपलें लिटर बरोबर लिहिलें गेलें आणि तें उद्यांही तसेंच राहील, एवढेंच त्यास पाहिजे. मोठेपणावर खर्च केलेला पैसा बहुधा सुरक्षिततेच्या खर्चांतून कापला जातो, हें आमच्या मतें या सर्व विचाराचें सार आहे.

काम पाहून साधन ठरवावें, याचें एक बोधप्रद उदाहरण आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यांतलें आहे. वारणानगरच्या सहकारी परिसरांत १९९८ सालीं सुमारें ७० गांवें संगणकांनीं जोडण्याची एक योजना सुरू झाली, आणि तिची कीर्ति दूरवर गेली. पुढें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बंगळूर येथील संशोधकांनीं तेथें जाऊन प्रत्यक्ष वापर तपासला. गांवांतील हे संगणक मुख्यत्वें ऊसाच्या नोंदी कारखान्याशीं ने-आण करण्यासाठींच वापरले जातात, असें त्यांस आढळलें. तेंच काम त्यांनीं सात गांवांत साध्या मोबाईल संदेशांनीं करून पाहिलें, आणि तें झालें. यावरून पहिली योजना व्यर्थ होती असें कोणीं समजूं नये. गांवांची संगणकाशीं ओळख तिनेंच करून दिली. पण काम नेमकें ओळखल्यावर पुष्कळ लहान साधनानेंही तें भागतें, हा धडा तिच्यापासून घ्यावयाचा.

विजेचा हिशेब

खरेदीची किंमत एकदां द्यावी लागते. विजेचें बिल मात्र दर महिन्यास येतें. समजा, एक लहान सर्व्हर ६० वॅट वीज खातो. ६० × २४ × ३६५ ÷ १००० असें केल्यास वर्षास सुमारें ५२६ युनिटें होतात. मोठा सांगाडा ४०० वॅट खात असेल तर तोच आंकडा ३,५०४ वर जातो. आपल्या दरानें गुणून पाहावें, म्हणजे स्वस्तांत मिळालेलें जुनें मोठें यंत्र महाग कसें पडतें तें दिसेल.

शिवाय आमचा मुलूख पावसाचा. झाड तारेवर पडलें कीं वीज जाते, आणि सर्व्हर नोंद लिहीत असतां मध्येंच बंद पडला तर ती नोंद बिघडण्याचा संभव असतो. म्हणून त्यास यूपीएस हवाच. बॅटरींत किती वीज मावते हें विद्यार्थ्यांस सहज काढतां येईल: १२ व्होल्ट × ७ अँपिअर-तास = ८४ वॅट-तास. कागदावर हिच्यावर ६० वॅटचें यंत्र एक तास चोवीस मिनिटें चालावें. प्रत्यक्षांत त्याहून बरेंच कमी चालतें, आणि बॅटरी जुनी होईल तसें आणखी कमी. म्हणून यूपीएसचा उपयोग रात्रभर काम चालविण्यासाठीं नव्हे. वीज गेली हें सर्व्हरास कळवून त्यास व्यवस्थित बंद होऊं देण्यासाठीं तो आहे. यंत्र जमिनीपासून उंच, ओल नसलेल्या व हवेशीर जागीं ठेवावें, हें वेगळें सांगण्याचें कारण नाहीं.

जोडतबकडी आणि दुसरी प्रत

येथें एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. सर्व्हरमध्यें दोन तबकड्या बसवून एकच मजकूर दोहोंवर एकाच वेळीं लिहितां येतो. ४ टेराबाइटच्या दोन तबकड्या घेतल्या तरी जागा ४ टेराबाइटचीच मिळते; परंतु एक तबकडी मेली तरी काम थांबत नाहीं. ही सोय अवश्य घ्यावी. पण हिलाच दुसरी प्रत समजणें घातक आहे. कारकुनानें चुकून खातें पुसलें, तर तें दोन्ही तबकड्यांवरून एकाच क्षणीं पुसलें जातें. चोरी, आग अथवा माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा दुष्ट प्रोग्राम, यांपुढें ती जोडी निरुपयोगी आहे.

म्हणून जाणते लोक एक सुटसुटीत नियम सांगतात: माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक इमारतीबाहेर. ४४ मेगाबाइटांची एक प्रत रोज बाहेर पाठविण्यास कितीसा वेळ लागणार? इंटरनेट चालू असेल तर ती दूरच्या सर्व्हरवर जावी. नसेल तर एका सुट्या तबकडीवर घेऊन ती चिटणीसानें दुसऱ्या जागीं कुलुपांत ठेवावी. आणि महिन्यांतून एकदां त्या प्रतीवरून जुना हिशेब परत उघडून पाहावा. परत उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न मोजतां घेतलेली मोड.

निवड

एवढ्या विचारानंतर निवड कठीण राहत नाहीं. पांचसहा संगणकांच्या संस्थेस एकच लहान सर्व्हर पुरे: चूक सुधारणारी स्मृति, चार तबकड्यांच्या जागा, त्यांपैकीं दोन भरलेल्या व दोन पुढील वाढीस मोकळ्या. एचपी कंपनीनें २०१० सालीं आणलेला मायक्रोसर्व्हर याच नमुन्याचा होता, आणि पुढें त्याच्या नवनवीन आवृत्त्या निघाल्या. त्याच्या तबकड्या बाजारांत मिळणाऱ्या सामान्य मापाच्या असतात, हा त्याचा मोठा गुण. वाढ करतांना एकाच कारखान्याचें तोंड पाहावें लागत नाहीं. ज्या पतसंस्थेच्या अनेक शाखा आहेत, ज्या कारखान्याचीं चार खातीं खरोखरच स्वतंत्र आहेत, आणि ज्यांस कायमचा जाणकार माणूस ठेवणें परवडतें, त्यांनींच अनेक सर्व्हरांच्या सांगाड्याचा विचार करावा.

शेवटीं दुरुस्तीचा प्रश्न राहतो. कोल्हापूर येथून सुमारें ५० किलोमीटर. भर पावसांत दुरुस्त करणारा त्याच दिवशीं येईल कीं नाहीं, हें आधीं विचारावें, आणि न आल्यास दोन दिवस काम कसें चालेल याची योजना करून ठेवावी. आमच्या धरणाचे सात दरवाजे पाणी ठराविक पातळीस आलें, कीं कोणीं हात न लावतां उघडतात. बांधणाऱ्यांनीं पुराचा विचार पुरापूर्वीं केला होता. सर्व्हर निवडणारानेंही तसेंच करावें.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच, कीं वडिलांनीं “कोणतें यंत्र घेऊं?” असें विचारल्यास एकदम नांव सांगूं नये. वही व पेन्सिल घेऊन बसावें, आणि प्रथम विचारावें: “सभासद किती? रोजच्या नोंदी किती? आणि आज हें यंत्र जळालें, तर उद्यां सकाळीं दूध कोणत्या वहींत लिहाल?” या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्या संस्थेपाशीं तयार आहे, तिनें खुशाल सर्व्हर घ्यावा, जिच्यापाशीं नाहीं, तिनें आधीं तें शोधावें आणि मग बाजारांत जावें.