खाऱ्या पाण्याचे रीळ आणि त्याची निगा

धानाची मळणी उरकली की आपल्या भागातील तरुण मुले कामासाठी बाहेर पडतात. कोणी नागपूरला, कोणी थेट वसई-मुंबईकडे. आपल्या धर्मग्रामातील असाच एक मुलगा कोकणपट्टीला बांधकामावर होता. वैनगंगेवर लहानपणापासून गळ टाकलेला, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तो खाडीच्या तोंडाशी खडकावर जाऊन बसू लागला. एका सोबत्याकडून त्याने जुने बेटकास्टिंग रीळ विकत घेतले. एका संध्याकाळी मोठा मासा लागला, बहुधा जिताडा असावा. मासा पळू लागला, पण रीळ तंगूस सोडीना. काठी मोडेल या भीतीने त्याने तंगूस हाताला गुंडाळून ओढला. मासा तर गेलाच, पण दोन बोटे हाडापर्यंत कापली गेली आणि पाच आठवड्यांची रोजी बुडाली.

गावी आल्यावर तो ते रीळ घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “फादर, मासा गेला त्याचं काही नाही. पण हे यंत्र फसलंच कसं?”

आम्ही दोघांनी ते उघडले. आत पांढरी पूड, काही ठिकाणी हिरवट थर, आणि ड्रॅगच्या चकत्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. त्याने ते रीळ एकदाही गोड्या पाण्याने धुतले नव्हते. “फडक्याने पुसत होतो ना,” असे त्याचे म्हणणे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळते, पण क्षार जागेवरच राहतात, आणि हवेतला ओलावा ओढून पुन्हा ओले होतात. पावसाळ्यात जाड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तोच प्रकार. म्हणजे मासेमारी थांबली तरी खाऱ्या पाण्याचे काम पिशवीत चालूच राहते. त्यात रिळाचा सांगाडा बहुधा ॲल्युमिनियमचा, दाते पितळेचे, स्क्रू पोलादाचे. दोन निराळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की टॉर्चच्या सेलसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. पांढरी पूड ॲल्युमिनियमची, हिरवा थर पितळेचा. (सेलमधली काळी पूड मँगनीजची असते, हे भरवेलीच्या खाणीत काम करणाऱ्यांना सांगायला नको.) फवारणीचा पंप न धुता ठेवला तर पुढच्या वेळी नोझल तुंबते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मग रिळालाच वेगळा न्याय का?

हे यंत्र मुळात घड्याळजींच्या हातचे आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने १८२० च्या सुमारास असे दात्यांचे रीळ बनविले. मूठ एकदा फिरविली की फिरकी अनेकदा फिरते, ही त्यातली युक्ती. पुढे स्वीडनमधील ज्या आबू कारखान्याचे ‘ॲम्बॅसेडर’ रीळ १९५२ पासून जगभर गेले, तो कारखानाही आधी खिशातली घड्याळे आणि टॅक्सीचे मीटर बनवीत असे. सेमिनरीत आम्हाला एक वृद्ध फादर होते, घड्याळे दुरुस्त करीत आणि गळही टाकीत. ते पांढरे कापड पसरून प्रत्येक स्क्रू काढल्या क्रमाने रांगेत मांडायचे. मी त्यांच्याकडून जे काही शिकलो त्यात ही सवय सर्वांत जास्त उपयोगी पडली, असे म्हटले तर माझे प्राध्यापक रागावतील.

आता निगा. घरी आल्याबरोबर, हातपाय धुण्याआधी म्हटले तरी चालेल, रीळ धुवावे. प्रथम ड्रॅगची चांदणी घट्ट करावी, म्हणजे पाणी चकत्यांमध्ये शिरत नाही. मग तांब्याने गोडे पाणी हलकेच ओतावे. नळाची जोराची धार लावू नये, तिने क्षार बाहेर येण्याऐवजी आत ढकलले जातात. बादलीत बुडवून ठेवणेही चूकच. पाणी झटकून, सुती फडक्याने पुसून सावलीत वाळवावे, आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. आवळून ठेवलेल्या चकत्या दबून बसतात, आणि ऐन वेळी तंगूस एक तर सुटत नाही किंवा झटक्याने सुटतो. आपल्या मुलाचे नेमके हेच झाले होते.

तेलाचा मोह आवरावा. फिरकीच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, तंगूस समान गुंडाळणाऱ्या आडव्या दांड्याला एक थेंब. दात्यांना तेल नव्हे, ग्रीस, तेही पातळ बोटाने. बेअरिंगला ग्रीस लावले तर फिरकी जड होते. घरातले खोबरेल लावू नये. आपल्याकडच्या थंडीत ते गोठते. जवसाचे तेल तर वाळून गोंदासारखे चिकटते.

वापराविषयी थोडेसे. नवशिक्याचा पहिला शत्रू म्हणजे गुंता. आमिष पाण्यात पडून थांबते, पण फिरकी फिरतच राहते आणि तंगुसाचे घरटे होते. त्यासाठी आमिष बांधून काठी आडवी धरावी, फिरकी मोकळी करावी आणि बाजूची गोल कळ एवढीच सैल करावी की आमिष सावकाश खाली जाईल व जमिनीला टेकताच फिरकी थांबेल. फेकताना अंगठा फिरकीवर हलका टेकलेला असावा आणि आमिष पाण्याला लागण्याच्या क्षणी तो दाबावा. हे पुस्तकाने येत नाही. शेतात गळाऐवजी नुसते वजन बांधून आठ दिवस सराव करावा. शेजारी हसतील, हसू द्यावे.

ड्रॅग अंदाजाने लावू नये. तंगूस जेवढे वजन पेलतो त्याच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर तो सुटला पाहिजे. १० किलोचा तंगूस असेल तर ताणकाटा बांधून ओढावे, अडीच ते तीन किलोला रीळ सुटू लागले की बरोबर. निघण्यापूर्वी दर वेळी एवढे पाहावे.

आणि ते अडकलेच, तर तंगूस हाताला कधीही गुंडाळू नये. काठी पाण्याच्या दिशेने सरळ धरून, फडक्यात धरलेला सुरा लावून कापून टाकावा. ५० रुपयांचे आमिष जाईल. गळ हातात रुतला तर उलटा ओढू नये, कारण त्याचा काटा मांस फाडतो. तंगूस कापून, गळ तसाच ठेवून दवाखान्यात जावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते डॉक्टरांना सांगावे. डोळ्यात गळ गेला तर हात न लावता वरून वाटी झाकून तडक मोठ्या इस्पितळात न्यावे. खाडीच्या पाण्यात झालेली जखम गोड्या पाण्याने व साबणाने लगेच धुवावी. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी अशी जखम अंगावर काढू नये; खाऱ्या पाण्यातले काही जंतू अशा शरीरात फार वेगाने पसरतात.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. माशांच्या अंडी घालण्याचा काळ आहे, तो पाळावाच. हेच दोन महिने रीळ पूर्ण उघडून साफ करण्याचे. धातूचे भाग रॉकेलमध्ये ब्रशने धुवावेत (चूल-दिव्यापासून दूर), ड्रॅगच्या चकत्या आणि प्लॅस्टिकला रॉकेल लावू नये. उघडताना मोबाइलवर फोटो काढीत गेले तर जोडताना भांडण होत नाही. तंगुसाचा टोकाकडचा काही हात भाग उन्हाने व खडकाने कमजोर झालेला असतो, तो कापून टाकावा. कापलेला तंगूस नदीकाठी फेकू नये. बगळ्यांचे पाय त्यात अडकतात आणि चरणाऱ्या गुरांच्या पोटात तो जातो. घरी आणून गुंडाळी करून कचऱ्यात टाकावा.

त्या मुलाच्या रिळाची दोन बेअरिंग व चकत्या बदलाव्या लागल्या. बाकी सर्व शाबूत निघाले. बोटे बरी झाली आहेत, फक्त एक पूर्ण मिटत नाही. येत्या हंगामात तो पुन्हा कोकणात जाणार आहे, आणि या वेळी पिशवीत ताणकाटा आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी मी स्वतः ठेवली आहे.