स्टॅफर्डशरचे कुत्रे, भोसरीची नजर

भोसरी एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये साचे बनवण्यात आणि तपासण्यात माझी नोकरी झाली. छंद मात्र मातीच्या प्राण्यांचा. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत घडलेले कुत्रे, मेंढ्या, सिंह, झेब्रे, गाई मी जमवतो. हे आपल्या भागात कुठून आले, असं शेजारीपाजारी विचारतात. पण खडकी आणि पुणे कॅम्प या गोऱ्यांच्या छावण्या चिंचवडपासून अशा किती लांब आहेत? साहेब मायदेशी गेले, बंगल्यांतलं सामान विकलं गेलं. त्यातलं काही लोकांच्या शोकेसमध्ये गेलं, काही गौरीच्या आराशीत बसलं, आणि पुढच्या पिढीला नकोसं झालं तेव्हा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या मटण स्ट्रीटवर आलं. तिथे उकिडवं बसून जे शिकलो, ते नव्याने या नादाला लागणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

१. आधी उलटा करा, तोंड नंतर पाहा.
विकणारा तोंड दाखवतो, कारण तोंड गोड असतं. आपण तळ पाहायचा. जुने प्राणी दाबून घडवलेले असत. मातीची भाकरीसारखी थापलेली चकती प्लास्टरच्या साच्याच्या अर्ध्या भागात अंगठ्याने दाबायची, दुसऱ्या अर्ध्यात तसंच करायचं, मग दोन्ही अर्धे पातळ मातीने जोडायचे आणि शिवण खरवडून काढायची. फाउंड्रीत ज्याला आपण फेटलिंग म्हणतो तेच काम. म्हणून जुन्या कुत्र्याच्या आतली भिंत कुठे जाड, कुठे पातळ लागते आणि हातात घेतला की तो वजनदार वाटतो. भट्टीत आतली हवा बाहेर पडावी म्हणून त्याला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. अलीकडच्या नकला पातळ माती साच्यात ओतून करतात. त्या हलक्या आणि आतून गुळगुळीत असतात, भिंत सगळीकडे सारखी असते आणि तळाला बोट जाईल एवढं गोल भोक असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही अस्सल प्राणीही ओतून घडवलेले आहेत, त्यामुळे एकट्या भोकावर निकाल देऊ नका. पण शंका घ्यायला तेवढं पुरे आहे.

फुटक्या प्राण्याच्या आत अंगठ्यांचे ठसे दिसतात, कधी फार लहान. या परगण्यातल्या कारखान्यांत मुलं राबत होती; सॅम्युअल स्क्रिव्हन या सरकारी अधिकाऱ्याने १८४०-४१ मध्ये त्यांची पाहणी करून अहवाल दिला होता. फुटका तुकडा मी टाकून देत नाही, त्याचं हे एक कारण.

२. मोजपट्टी खिशात हवी.
साच्याचं काम करणाऱ्याला श्रिंकेज समजावून सांगावं लागत नाही. माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते. अस्सल प्राण्यावरूनच कोणी साचा काढला, तर त्यातून निघणारी नक्कल मूळ प्राण्यापेक्षा लहान भरते. शिवाय नाकडोळे, केसांच्या रेघा, पंजे बोथट होतात. छापील पुस्तकांत उंची दिलेली असते. तिच्याशी ताडून पाहा. घासाघीस करण्याआधी मी हे एवढं करतोच.

३. पुढचे पाय बघा.
गळ्यात साखळी-कुलूप घालून जोडीने बसलेले स्पॅनियल कुत्रे राणी व्हिक्टोरियाच्या काळात घराघरांत होते. तिच्या लाडक्या कुत्र्याचं नाव डॅश, तोही स्पॅनियलच. चांगल्या नमुन्यात पुढचा एक किंवा दोन्ही पाय वेगळे घडवून जोडलेले असतात आणि पायामागून आरपार दिसतं. स्वस्त आणि बहुधा नंतरच्या मालात पाय छातीलाच चिकटलेले असतात.

४. सोनं आणि भेगा.
जुनं सोनं मऊसर, मंद झळाळीचं असतं आणि हात लागून झिजलेलं असतं. साधारण १८८० नंतर आलेलं पातळ सोनं चकचकीत, पितळी दिसतं. काचलेपावरच्या बारीक भेगा सगळीकडे सारख्या आणि चहाच्या रंगाच्या असतील, तर त्या मुद्दाम पाडलेल्या समजा.

५. शिक्का नाही म्हणून सोडू नका, आहे म्हणून भुलू नका.
बहुतेक जुन्या प्राण्यांवर कारखान्याचं नावच नसतं. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं, म्हणून नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची. ‘मेड इन इंग्लंड’ म्हणजे सहसा विसावं शतक. तळावर ठळक ‘स्टॅफर्डशर’ छापलेलं असेल, तर मी तो प्राणी जुना धरत नाही.

६. घडवणाऱ्याने तो प्राणी पाहिला होता का, हे विचारा.
माझा सगळ्यात आवडता भाग हाच. स्टॅफर्डशरच्या झेब्र्याला घोड्यासारखी लोंबती आयाळ असते. खऱ्या झेब्र्याची आयाळ ताठ उभी असते. कारण सोपं आहे: घोड्याचाच साचा वापरून वर पट्टे रंगवले. साचा महाग, रंग स्वस्त. कारखानदारीचा हा हिशेब भोसरीत कोणालाही पटेल.

आणि वाघ! डिसेंबर १७९२ मध्ये बंगालच्या सागर बेटावर ह्यू मनरो नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याला वाघाने ठार केलं. त्याचा बाप हेक्टर मनरो, १७६४ ची बक्सारची लढाई जिंकणारा. असाच गोऱ्या माणसाला फाडणारा टिपू सुलतानाचा लाकडी वाघ १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागला आणि पुढे लंडनला गेला. मग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी मातीचा वाघ केला. त्याच्या जबड्यात माणसाचं डोकं आणि खाली ‘मनरोचा मृत्यू’ अशा अर्थाची अक्षरं. हा नमुना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि टिपूचा वाघही तिथेच. आपल्या देशातली घटना इंग्लंडमधल्या शेकोटीवरच्या फळीची शोभा झाली, हे मला फार विलक्षण वाटतं. हा वाघ माझ्याकडे नाही. बाजारात दिसलाच, तर वरची सगळी परीक्षा दुप्पट कडक करा.

७. जोडकाम शोधा.
कान, शेपटी आणि मान इथे आधी बघा. अंधाऱ्या जागी अतिनील टॉर्च मारला की पुष्कळदा नवा रंग वेगळा चमकतो. नखाने हलकेच टिचकी मारा. जोडलेल्या जागी आवाज बद्द येतो. जोडलेला प्राणी घ्यायला हरकत नाही, पण किंमत जोडलेल्याची द्या.

८. जोडी समोरासमोर ठेवून तपासा.
दोन्ही कुत्रे एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटायला हवेत. उंची, कानांचा रंग आणि साखळी रंगवणारा हातही जुळायला हवा. दोन एकटे कुत्रे बसवून जोडी म्हणून विकणं सर्रास चालतं.

९. वही ठेवा.
वस्तू कुठून आली, कोणत्या घरातली, किती रुपयांना, कुठे दुरुस्त केली आहे, हे त्याच दिवशी लिहा. परदेशातल्या मुलाला जुना तुकडा भेट द्यायचा असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे चौकशी करा. शंभर वर्षांवरच्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत. आणि तळाला चिकटपट्टी लावून क्रमांक घालू नका. पट्टी काढताना रंग आणि सोनं तिच्याबरोबर निघून येऊ शकतं.