लाकडी भिरभिरे : हस्तव्यवसायाचा एक पाठ
(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी)

प्रास्ताविक

जत्रेतून आणलेले कागदी भिरभिरे हातात धरून वाऱ्याच्या दिशेने धावत सुटणे हा खेड्यातील प्रत्येक मुलाच्या परिचयाचा खेळ आहे. हेच भिरभिरे लाकडाचे केले, त्याला शेपूट जोडले आणि ते खांबावर बसविले, तर त्यातून हस्तव्यवसाय, विज्ञान, गणित आणि भूगोल या चारही विषयांचा पाठ उभा राहतो. त्यास लागणारे साहित्य खेड्यात सहज मिळते, हत्यारे सुताराच्या घरी असतात आणि वारा तर विनामूल्यच आहे.

सन १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे ठेवला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन करून, काम करता करता शिकण्याची पद्धत ग्रामीण मुलांसाठी राबविली. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत श्री. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी करून दाखविली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावे, असे सुचविले आहे. विचार जुना आहे. तो वर्गात कसा उतरवावा, एवढाच प्रश्न उरतो. मुळशी तालुक्यातील घोटावडे आणि त्याच्या आसपासची गावे डोळ्यांसमोर ठेवून पुढील पाठाची मांडणी केली आहे.

पाठाचा काळ

मुळशीत पावसाळा दीर्घ व जोराचा असतो. भाताची लावणी आटोपल्यावर श्रावण-भाद्रपदात मुलांना मैदानावर खेळता येत नाही. भिरभिऱ्याचे लाकूडकाम याच दिवसांत शाळेच्या ओसरीवर किंवा घरच्या पडवीत करवून घ्यावे. भाताच्या लोंब्या भरू लागेपर्यंत ती तयार होतील, असा बेत असावा. या वेळेचे प्रयोजन पुढे स्पष्ट होईल.

साहित्य व हत्यारे

पिरंगुट परिसरात कारखाने उभे राहिल्यापासून यंत्रांच्या खोक्यांच्या देवदारी फळ्या जळणाच्या भावाने मिळू शकतात. हे लाकूड मऊ, हलके व सरळ तंतूंचे असल्याने मुलांच्या हाताला सोपे जाते. सागाचे तुकडे टिकाऊ खरे, परंतु पहिल्या प्रयत्नासाठी ते कठीण पडतात. गाठ असलेला किंवा चिरलेला तुकडा घेऊ नये. फळीतील जुने खिळे शिक्षकांनी आधीच काढून टाकावेत.

प्रत्येक भिरभिऱ्यास पुढील वस्तू लागतात : ३० सेंमी लांब, ३ सेंमी रुंद व २ सेंमी जाड असा एक तुकडा (पात्यांसाठी); ४० सेंमी लांबीची एक काठी (दांड्यासाठी); शेपटासाठी तळहाताहून थोडी मोठी पातळ फळी; लांब खिळे दोन; लोखंडी चकत्या चार; काचेचे मणी दोन; रिकाम्या बॉलपेनची नळी; थोडे अळशीचे तेल.

हत्यारे : करवत, पटाशी, गिरमिट किंवा सामता, कानस, गुण्या, हातोडी व काचकागद. ही गावच्या सुतारमेस्त्रींकडून तासाभरासाठी मागून आणावीत. शक्य असल्यास त्यांनाच शाळेत बोलवावे. लाकडाचे तंतू कोणत्या दिशेने जातात आणि पटाशी कोणत्या बाजूने चालवावी, हे त्यांच्या हाताकडे पाहून मुले जितके शिकतील तितके पुस्तकातून शिकणार नाहीत.

कृती

१. तुकड्याच्या रुंद बाजूवर दोन कर्ण आखून मध्यबिंदू काढावा व तेथे गिरमिटाने आरपार सरळ भोक पाडावे. भोक तिरपे गेल्यास पुढील सर्व श्रम वाया जातात. म्हणून गिरमिट उभे धरले आहे की नाही हे दुसऱ्या मुलाने गुण्या लावून पाहावे.

२. मध्यभागी ५ सेंमी भाग न कोरता ठेवावयाचा आहे. त्याच्या दोन्ही कडांशी, तुकड्याच्या दोन्ही रुंद अंगांवर करवतीने उथळ खाचा पाडाव्यात. त्यामुळे पटाशीने उडणारी ढलपी मध्यभागात शिरत नाही.

३. आता तुकड्याचे एक टोक डोळ्यांसमोर धरावे. तेथे ३ सेंमी × २ सेंमीचा आयत दिसेल. त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण आखावा. नंतर वरचे अंग वरच ठेवून तुकडा फिरवावा, दुसरे टोक डोळ्यांसमोर आणावे आणि तेथेही डावीकडून उजवीकडे उतरणाराच कर्ण आखावा.

४. कर्णाच्या दोन्ही बाजूंचे लाकूड पटाशीने थोडे थोडे काढून सुमारे अर्धा सेंमी जाडीचे तिरपे पाते शिल्लक ठेवावे. कानस व काचकागदाने ते गुळगुळीत करावे.

५. भोकात बॉलपेनच्या नळीचा तुकडा घट्ट बसवावा. लाकूड पावसाळी हवेत फुगते व भोक आवळते. नळी असल्यास खिळा मोकळा राहतो. खिळ्यावर क्रमाने चकती, मणी, पाते, मणी, चकती असे ओवून तो दांड्याच्या टोकात ठोकावा. पाते मोकळे फिरेल एवढी जागा सोडावी.

६. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला करवतीने चीर पाडून तीत शेपूट उभे बसवावे. पाते व शेपूट जोडल्यावर दांडा बोटावर तोलून पाहावा. जेथे तो आडवा राहील तेथे उभे भोक पाडावे आणि दुसऱ्या खिळ्याने, मध्ये चकती घालून, तो खांबाच्या माथ्यावर सैल बसवावा. शेवटी सर्व लाकडाला अळशीच्या तेलाचे दोन हात द्यावेत.

पटाशी चालविताना तुकडा शिकंज्यात किंवा दोन खुंट्यांमध्ये पक्का अडकविलेला असावा आणि दोन्ही हात धारेच्या मागे असावेत. खांब मुलांच्या डोक्यापेक्षा पुष्कळ उंच असावा. वेगाने फिरणारे पाते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याची टोके तांबडी रंगवावीत.

न फिरणारे भिरभिरे

या पाठाचा खरा गाभा येथून पुढे आहे. वर्गात वीस भिरभिरी तयार झाली, तर ती सर्व पहिल्याच दिवशी फिरतील अशी अपेक्षा शिक्षकांनी ठेवू नये. काही अडखळतील, काही ठरावीक जागी येऊन थांबतील आणि एखादे अत्यंत सुबक असूनही वाऱ्यात निश्चल उभे राहील. अशा वेळी शिक्षकांचा हात सहजच पुढे होतो. ते भिरभिरे मुलाच्या हातून घेतात, दोन ठिकाणी कानस मारतात आणि फिरवून परत देतात. भिरभिरे दुरुस्त होते, पण पाठ तेथेच संपतो.

याऐवजी मुलाला चार परीक्षा क्रमाने करावयास लावाव्यात.

पहिली, घर्षणाची. पात्याला बोटाने हलकेच टिचकी द्यावी. ते दोन-चार फेरेही न घेता थांबत असेल, तर खिळा आवळला आहे, भोक तिरपे आहे किंवा मणी घासत आहे.

दुसरी, तोलाची. पाते हळूच फिरवून आपोआप थांबू द्यावे. प्रत्येक वेळी तेच टोक खाली येत असेल, तर ती बाजू जड आहे. तिच्या टोकाचे लाकूड कानसीने थोडे काढावे व पुन्हा पाहावे. पाते कोठेही थांबू लागले म्हणजे तोल साधला.

तिसरी, तिरपेपणाची. एका पात्यावर समोरून फुंकर घालावी व ते कोणत्या दिशेने फिरते ते पाहावे. मग दुसऱ्यावर घालावी. पहिल्या फुंकरीने घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि दुसरीने उलट फिरत असेल, तर दोन्ही पात्यांचे जोर एकमेकांना मारतात. ही चूक कर्ण आखतानाच झालेली असते. मुलाने दुसरे टोक समोर न आणता, पहिल्या टोकाच्या जागेवरूनच मनाने कर्ण आखलेला असतो. सुबक भिरभिरे निश्चल राहते ते बहुधा यामुळेच. येथे कानस चालत नाही. नवा तुकडा घ्यावा लागतो. मुलाला वाईट वाटेल, परंतु समोरासमोरच्या दोन बाजू आपापल्या जागेवरून एकसारख्या दिसल्या पाहिजेत, हा भूमितीचा धडा तो जन्मभर विसरणार नाही. फुकट गेलेला तुकडा वर्गात खिळ्याला टांगून ठेवावा. तो अपयशाची खूण म्हणून टांगू नये; पुढील वर्षीच्या मुलांचे ते शैक्षणिक साधन होईल.

चौथी, शेपटाची. पाते हाताने फिरते, परंतु खांबावर फिरत नाही असे झाल्यास दांडा वाऱ्याकडे वळतो की नाही ते पाहावे. खांबावरील खिळा आवळला असेल किंवा शेपूट लहान असेल, तर पाते वाऱ्याला सामोरे येत नाही.

अन्य विषयांशी समवाय

गणित : पात्याचा व्यास ३० सेंमी, म्हणून टोकाच्या एका फेऱ्याचे अंतर सुमारे ९४ सेंमी. तांबड्या टोकावर नजर ठेवून १५ सेकंदांतील फेरे मोजावेत व ४ ने गुणावे. मिनिटाला १०० फेरे झाले, तर टोक सुमारे ९४ मीटर चालले, म्हणजे ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर. खांबावर जागच्या जागी असलेले भिरभिरे माणसाच्या झपझप चालीइतके चालते, याचा मुलांना मोठा अचंबा वाटेल.

भूगोल : शेपटावरून वाऱ्याची दिशा रोज सकाळी व दुपारी नोंदवावी. जून ते सप्टेंबरपर्यंत पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा ऑक्टोबरात मंदावतो आणि हिवाळ्यात पूर्वेकडील वारे जाणवू लागतात, हे नोंदवहीवरून मुलांनीच सांगावे. वेगाच्या अंदाजासाठी ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये आखलेली श्रेणी उपयोगी पडते. तोंडावर वारा जाणवला व पाने सळसळली तर २. पाने व बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या तर ३. धूळ व कागद उडून लहान फांद्या हलल्या तर ४. हवामान खात्याची पुण्यातील इमारत आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते, कारण १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून तेथे आले. सहल जमल्यास मुलांना ती दाखवावी.

विज्ञान : मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला नेऊन वीज केली जाते, हे या तालुक्यातील मुलांना ठाऊक असते. पडत्या पाण्याप्रमाणे वाहता वाराही काम करतो. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडीच्या पठारांवरील पवनचक्क्या म्हणजे या भिरभिऱ्याचीच मोठी भावंडे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ती आठपट होते, म्हणूनच त्या उंच पठारांवर उभारल्या आहेत.

कला : सावंतवाडीची लाकडी खेळणी आपल्या परिचयाची आहेत. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात व्होलिस सिम्प्सन (१९१९-२०१३) हे शेतीची यंत्रे दुरुस्त करणारे गृहस्थ उतारवयात भंगारातून प्रचंड भिरभिरी उभारू लागले. २०१३ मध्ये त्या राज्याने त्यांच्या भिरभिऱ्यांना राज्याच्या लोककलेचा मान दिला. शिक्षकांनी ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी. पात्यावर कोणता रंग फिरताना कसा दिसतो, याचा प्रयोगही मुलांना करू द्यावा.

भाताच्या खाचरात

आंबेमोहराचा दाणा दुधात आला म्हणजे पाखरांचे थवे खाचरांवर उतरतात. घरची कर्ती माणसे कारखान्यात गेलेली असल्यास राखणीचे काम म्हाताऱ्या माणसांवर आणि मुलांवर येऊन पडते व त्या दिवसांत शाळेतील काही जागा रिकाम्या दिसतात. भिरभिऱ्याची वेळ भाताशी जुळविण्याचे कारण हेच. खिळा दांड्यात पक्का न ठोकता पात्यात पक्का केला आणि दांड्यात मोकळा फिरू दिला, तर त्याच्या मागील टोकाला बांधलेली जाड दोरीची गाठ प्रत्येक फेऱ्याला पत्र्याच्या डब्यावर आपटते व आवाज होतो.

मात्र शिक्षकांनी पालकांना भलते आश्वासन देऊ नये. ऑक्टोबरात वारा मंद असतो; त्या वेळी डब्यावर आपटणारे जड पाते थांबते, म्हणून पाते लांब व पातळ करावे लागते. शिवाय पाखरेही आवाजाला सरावतात. दोन-तीन दिवसांनी भिरभिऱ्याची जागा बदलावी लागते. भिरभिरे राखणदाराची जागा घेणार नाही. त्याला थोडी उसंत मात्र देईल. कोणत्या बांधावर ते किती दिवस उपयोगी पडले याची नोंद मुलाने ठेवावी. आजोबांनी नातवाच्या भिरभिऱ्यात खोड काढली, तर तीही नोंदवहीत उतरवावी. शेताचा अनुभव त्यांच्याजवळ आहे.

शिक्षकांस सूचना

१. दोन मुलांत एक भिरभिरे द्यावे. एकाने काम करावे, दुसऱ्याने तपासावे व मग अदलाबदल करावी. मुलींच्या हाती पटाशी देण्यास संकोच करू नये.

२. प्रदर्शन जवळ आले म्हणजे मेस्त्रींकडून चार देखणी भिरभिरी करवून घेऊन मुलांकडून केवळ रंगवून घेण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. मुलाने केलेले ओबडधोबड, पण फिरणारे भिरभिरेच प्रदर्शनात मांडावे आणि ते का अडत होते व कसे फिरू लागले, हे त्या मुलाने पाहुण्यांना सांगावे.

३. मूल्यमापन करताना सुबकपणास थोडे व दोष शोधण्यास अधिक गुण द्यावेत.

मुलांना विचारावयाचे प्रश्न

१. तीन पात्यांचे भिरभिरे करावयाचे असल्यास दोन पात्यांमध्ये किती अंशांचा कोन ठेवावा?
२. दोन्ही पाती तिरपी न करता सपाट ठेवली तर काय होईल? आधी सांगा, मग करून पाहा.
३. घराच्या आडोशाला आणि नदीकाठच्या उघड्यावर एकाच वेळी फेरे मोजा. फरक का पडतो?

समारोप

भिरभिरे ही वस्तू लहान आहे. एका पावसाळ्यात तिचे लाकूड काळे पडेल, दुसऱ्यात पाते तुटेल. परंतु अडलेली वस्तू हातात घेऊन “हे का अडले?” असे स्वतःला विचारण्याची आणि चारही परीक्षा धीराने करून पाहण्याची सवय एकदा मुलाला लागली, तर ती पुढे पंप, सायकल आणि कारखान्यातील यंत्र यांच्यापुढेही त्याच्या उपयोगी पडेल. तेवढ्यासाठी शिक्षकांनी एकच पथ्य पाळावयाचे आहे : मुलाचे भिरभिरे अडले असता आपले हात क्षणभर पाठीमागे बांधून उभे राहावे.