परातीतला खेळ, बाळाची वाढ

पहिल्या तीन वर्षांत बाळाचा मेंदू झपाट्याने वाढतो. हाताळणे, ऐकणे, हुंगणे हेच त्याचे शिक्षण. वस्तीत फिरताना आम्ही सांगतो, त्यासाठी महाग खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षण सुरू केले, तेव्हा परिसरातल्या वस्तूच त्यांची साधने होती.

घरी हे करा :

१) स्पर्श – कणकेचा गोळा मळायला द्या. परातीत दोन बोटे पाणी, वाटी, चमचा द्या.

२) आवाज – बाटलीत मूठभर ज्वारी भरून झाकण घट्ट लावा. बाळाच्या मागे वाजवा.

३) वास – कोथिंबीर, लसूण, संत्र्याची साल नाव सांगत हुंगवा.

सांभाळा : शेंगदाणे, चिंचोके, मणी लहान्यांच्या हाती नकोत, श्वासनलिकेत अडकून जीव जातो. आपल्या नाशिकची द्राक्षेही उभी चिरूनच द्या. पाण्याजवळ बाळाला क्षणभरही एकटे सोडू नका.

सहा महिन्यांनंतरही बाळ आवाजाकडे वळत नसेल, तर "मोठं झाल्यावर ऐकेल" म्हणत थांबू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना दाखवा. तपासणी मोफत असते. उशीर झाला, तर बोलणेही मागे पडते.